दसऱ्याच्या दिवशीचे वजन

शेठजींनी वस्तादांना फसवले. गाव उलटे सांगते. लोणावळ्याच्या बाजारात कोणालाही विचारा, तो सांगेल की वस्तादांनी कमरेला माती बांधून शेठजींना फसवले, आणि सांगताना हसेलसुद्धा. माती बांधली होती हे खरे आहे. ती माझ्याच तळहाताला लागली. पण फसवले ते शेठजींनी. मी हे ठासून सांगू शकतो, कारण त्या दिवशी काटा माझ्या हातात होता.

वस्तादांची एक सवय होती. तुम्ही समोर आलात की रामराम व्हायच्या आधी त्यांची दोन बोटे तुमच्या दंडावर पडत. गिऱ्हाईक भेंडीचे टोक मोडून बघते तसा ते दंड चिमटीत धरायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे, "लागलं न्हाई अजून." म्हणजे खाल्लेले अंगाला लागलेले नाही. समोर शाळामास्तर असो, हमाल असो, नाहीतर पुण्याहून हवा खायला आलेला वकील असो, निकाल हाच. एकदा त्यांनी फौजदाराचा दंड धरला. फौजदार लालबुंद झाला. वस्ताद शांतपणे म्हणाले, "सायेब, पोटाला लागलंय, दंडाला न्हाई."

तुम्ही त्यांना पाहिले असते तर तुम्हीही गप्प उभे राहिला असता. पन्नाशीचा माणूस, मान आणि डोके एकाच जाडीचे, कान कुस्त्यांनी चुरगळलेले. गुडघ्यापर्यंत धोतर, वर बंडी. बायको फार वर्षांपूर्वी गेली होती आणि मूलबाळ नव्हते. तुंगार्लीच्या वाटेवर बाजार संपतो तिथे तालीम होती, तिथेच ते राहायचे. आखाड्याची लाल माती रोज सकाळी स्वतः खणायचे. तिच्यात ताक, तेल आणि हळद घालून मळायचे. त्या मातीचा एक वास असतो. एकदा नाकात बसला की जात नाही. माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.

आता मी कोण ते सांगतो. पवन मावळातून सोळाव्या वर्षी लोणावळ्याला आलो. बाप नव्हता. शेठजींच्या धान्याच्या दुकानात मोठ्या काट्यावर उभा राहिलो. तांदूळ, नाचणी, वरई, जे येईल ते तोलायचे. आमच्या दुकानाची एक रीत होती. दर तोलानंतर काट्यावरच्या माणसाने वाकून पारडे हाताने झाडायचे, तळहात गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि मोठ्याने ओरडायचे, "पारडं साफ!" पारड्याला गूळ, मेण, चिंच काही चिकटवलेले नाही याची ती साक्ष. वर्षभरात माझी नजर अशी बसली की पोते पाठीवरून उतरतानाच मी सांगायचो, हे अर्धा शेर कमी आहे. शेतकरी भांडायचे, मग काट्यावर ठेवायचे, मग गप्प बसायचे. घासाघीस तर मला जन्मापासून येत होती. राग त्याहून आधीपासून.

पण अंगावर मांस म्हणून नव्हते. विसाव्या वर्षी माझे वजन पंचेचाळीस शेर. आमच्या दुकानातले तांदळाचे पोते पन्नास शेरांचे. म्हणजे मी एका पोत्यालाही कमी. हमाल मला 'काडीपैलवान' म्हणायचे. लोणावळ्यात बारीक असण्याची आणखी एक भीती होती. इथली हवा घ्यायला छातीचे आजारी लोक यायचे. कोणी पोरगा रोडका दिसला की लोक आपली पोरेबाळे मागे ओढून घ्यायचे. माझे लग्न दोनदा ठरता ठरता मोडले. मुलीकडच्यांनी मला एकदा खोकताना ऐकले होते, बस्स.

मला रेल्वेत फायरमन व्हायचे होते. घाटावरच्या इंजिनात कोळसा टाकायचा. कायमची नोकरी, आईला गावाकडून आणता आली असती. रेल्वेच्या डॉक्टरने मला काट्यावर उभे केले आणि नाक वर करून म्हणाला, "एकशेबारा रत्तल लागतात. तू नव्वद आहेस. सहा महिन्यांनी शेवटची संधी." रेल्वेचा रत्तल म्हणजे आमचा अर्धा शेर. मी मनात हिशेब केला. अकरा शेर कमी पडत होते. अकरा शेर मी दुकानात एका हाताने उचलतो. तेच अंगावर कसे चढवायचे ते मला कळेना.

आधी मी शहाणपणा केला होता, तोही सांगून टाकतो. तपासणीच्या सकाळी बारा केळी खाल्ली होती आणि दोन तांबे पाणी प्यायलो होतो. कंपाउंडरने माझ्या फुगलेल्या पोटाकडे पाहिले आणि म्हणाला, "आधी मोरीकडे जाऊन ये, मग तुझं वजन करू." तिथे चार माणसे हसली. ते नव्वद रत्तल मोरीकडे जाऊन आल्यावरचे होते.

त्याच आठवड्यात मी तालमीत गेलो. वैशाख महिना होता. वस्तादांनी दंड धरला, पण नेहमीचे वाक्यसुद्धा बोलले नाहीत.

"धरायला काय सापडंना," ते म्हणाले. "कुस्ती शिकायची?"

"न्हाई. वजन वाढवायचंय. अकरा शेर."

"किती दिसांत?"

"तीन महिन्यांत."

"सा म्हयने लागतील."

"साडेतीन करा."

वस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "आरं, अंग म्हंजी काय मेथीची जुडी हाय व्हय, दोन काड्या वर टाक म्हनायला? सा म्हयने. आन् माज्याशी घासाघीस करायची न्हाई."

"आन् तुमचं काय द्यायचं?"

"ही बी घासाघीसच," ते म्हणाले. "उद्या उजाडताना ये."

मला वाटले होते की दंड-बैठका काढून जीव जाईल. झाले वेगळेच. पहिला महिना त्यांनी मला खायलाच शिकवले. मी दुकानात दोन वेळा खायचो, हमालासारखे, भराभर, ताट संपवून उठायचे. वस्तादांनी दिवसातून पाच वेळा केले, आणि प्रत्येक वेळी थोडे. सकाळी भिजवलेले चणे आणि गूळ. मग नाचणीची भाकरी, वर लोणी. दुपारी डाळ-भात आणि त्यावर तूप. तिसऱ्या प्रहरी मूठभर शेंगदाणे. दिवेलागणीला जेवण, आणि मग लगेच झोप. चहा बंद. एक घास तीस वेळा चावायचा. मी एकदा वीसवर गिळला तर म्हणाले, "धा कुटं गेलं?"

व्यायाम थोडाच. बैठका वीस, जोर दहा, आठवड्याला पाच वाढवायच्या. मी जास्त काढल्या की ओरडायचे. "खाल्लेलं जाळतुयास कशाला? सरपन हाय का ते?" आणि पोट पुढे आलेले त्यांना चालत नसे. "पोट वाढलं म्हंजी अंग वाढलं न्हवं. मांडीला लागाया पायजे, मानंला लागाया पायजे. केळी खाऊन पानी प्यालास तसलं वजन मला दावू नगंस. खोटं वजन अंगात ठरत न्हाई."

केळ्यांची गोष्ट त्यांना कोणी सांगितली कोण जाणे. पण ती ते रोज काढायचे.

आणि दूध. सगळ्या गोष्टीचे मूळ हे दूध, म्हणून नीट ऐका.

वस्तादांना शेठजींच्या गोठ्यातून खुराक बांधून दिलेला होता. रोज तीन शेर म्हशीचे दूध, महिन्याला तूप आणि बदाम. माझ्या जन्माच्या आधी पवन मावळातल्या एका जत्रेत वस्तादांनी शेठजींच्या नावावर कुस्ती मारली होती. परमुलखातला पैलवान, वस्तादांच्या दीडपट. त्याला चीतपट केल्यावर तरुण शेठजी फेटा उडवत आखाड्यात उतरले आणि वस्तादांचा हात वर धरून सगळ्या जत्रेसमोर म्हणाले, "याचा श्वास चालू आहे तोवर याचा खुराक माझ्या गोठ्यातून." ते ऐकलेल्या माणसांना मी भेटलो आहे. शब्द हेच होते. 'श्वास' म्हणाले होते. 'वजन' म्हणाले नव्हते.

वजनाची भानगड पुढे आली. दर दसऱ्याला शेठजी दुकानासमोर वस्तादांची तुला करायचे. एका पारड्यात वस्ताद, दुसऱ्यात तांदूळ. तेवढा तांदूळ तालमीला. सुरुवातीला तो मान होता. मग शेठजी गेल्या वर्षीचा आकडा लक्षात ठेवू लागले. काट्यावरच्या माझ्या तिसऱ्या दसऱ्याला, म्हणजे मी तालमीत जायच्या आदल्या साली, वस्ताद दोन पोती आणि वर अकरा शेर भरले, आधीच्या साली चौदा होते. शेठजी लोकांकडे बघून हसत म्हणाले, "वस्ताद, तांदूळ दोन पोत्यांच्या खाली आला तर दूधही खाली येईल हां." लोक हसले. वस्तादही हसले. मीही हसलो.

त्या तीन शेरांतला एक शेर ते मला देऊ लागले. आषाढात दोन झाले. श्रावणात तिन्ही माझ्या पुढ्यात.

"आन् तुमी?" मी एकदा विचारले. एकदाच.

"मी वाटंतच पिऊन आलो," वस्ताद म्हणाले.

तुंगार्लीला शेठजींचा बंगला होता, त्याच्या मागे गोठा. वस्ताद रोज पहाटे पितळेची चरवी घेऊन चालत जायचे आणि घेऊन यायचे. पावसात वाट चिखलाने भरायची, मी म्हणालो मी आणतो. त्यांनी चरवी दिली नाही. "शेटजींनी मला चालताना बघाया पायजे," म्हणाले. मला तो पैलवानाचा डौल वाटला.

मी दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी स्वतःला काट्यावर तोलायचो. पहिल्या महिन्यात फक्त दीड शेर. मी तणतणत तालमीत गेलो. "एवढं चावून चावून जबडा दुखायला लागला, आन् दीड शेर?"

"दीड शेर कुनी दिलं तुला?" वस्ताद म्हणाले. "जोंधळ्याच्या ताटाला कनीस धराया किती दिस लागत्यात? तू त्याला शिव्या देतुस का?"

"मी जोंधळा न्हाई."

"व्हय. जोंधळा गप बसतो."

पण वाढत गेलो. श्रावणात चार शेर, भाद्रपदात सात. बंडी खांद्यावर ताणली जाऊ लागली. चढावर धाप लागेना. हमालांनी काडीपैलवान म्हणणे सोडले. सोमवार आला की मी काट्यावर बसायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. सगळे लक्ष माझ्या दंडाकडे, माझ्या मानेकडे.

आणि इथेच माझी लाज आहे. पोते पाठीवरून उतरताना अर्धा शेर ओळखणारा मी, रोज पहाटे त्या माणसासमोर बसत होतो. पावसाळाभर वस्ताद घोंगडी गुंडाळून बसायचे. मला वाटले, थंडी. आखाड्यात उतरणे त्यांनी सोडले. मला वाटले, वय. माझ्याबरोबर भाकरीचा तुकडा तोंडात घालायचे, बराच वेळ तोंडात धरायचे आणि उठून मागे जाऊन यायचे. विचारले तर म्हणायचे, "दाढ दुखती." मला तेही पटले. माझे ताट भरलेले होते ना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वस्ताद दुकानात आले. ते कधी यायचे नाहीत. काट्याकडे पाहत उभे राहिले.

"उद्या काटा कुनाच्या हातात?"

"माझ्याच."

"तुजी तपासनी कदी?"

"कार्तिकात. पाच आठवडे हायेत अजून."

"किती लागलं?"

"साडेआठ शेर."

त्यांनी दंड धरला. बोटे थंड होती. "लागलं न्हाई अजून," म्हणाले आणि गेले. काहीतरी मागायला आले होते, न मागता गेले, हे मला आज कळते.

दुसऱ्या दिवशी बाजार भरलेला. आपट्याची पाने, ताशा, शेठजी जरीचा रुमाल बांधून खुर्चीवर. वस्ताद आले ते घोंगडी अंगावर घेऊनच. शेठजींचे दिवाणजी म्हणाले, "वस्ताद, घोंगडी काढा, लोकांना अंग बघू द्या." वस्ताद म्हणाले, "ताप हाय." आणि पारड्यात बसले. मी दुसऱ्या पारड्यात तांदूळ चढवला. दोन पोती झाली आणि काटा सरळ उभा राहिला. एक दाणा इकडे नाही, एक दाणा तिकडे नाही. शेठजींनी मान डोलावली. ताशा वाजला. वस्ताद उतरले, आणि उतरताना त्यांचा तोल गेला. इतक्या वर्षांत त्यांचा तोल गेलेला कोणी पाहिला नव्हता.

मी रीतीप्रमाणे पारडे झाडायला वाकलो. तळहात उचलला तर लाल.

वास आला. ताक, तेल, हळद.

त्या क्षणी मी हात धोतराला पुसून "पारडं साफ!" म्हणालो असतो तर काय बिघडले असते? काही नाही. पाच आठवडे दूध आले असते, बस्स. पण माझे डोके फिरले. पाच महिने हा माणूस मला केळ्यांवरून टोमणे मारतो, खोटे वजन ठरत नाही म्हणतो, घास मोजतो, आणि स्वतः माती बांधून माझ्या काट्यावर बसतो? माझ्या काट्यावर? राग असा चढला की कानात ताशा ऐकू येईना. मी तळहात वर केला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडलो, "पारडं साफ न्हाई! ही आखाड्याची माती हाय! वजन माणसाचं न्हाई!"

वस्तादांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. पोते फाटले की शेतकरी जसा सांडलेल्या दाण्याकडे बघतो, तसे. मग त्यांनी स्वतःच घोंगडी टाकली, बंडी वर केली आणि कमरेभोवती गुंडाळलेली कापडाची लांब पिशवी सोडली. ती ओली माती धपकन पडली. काही लोक हसू लागले आणि हसता हसता थांबले. वस्तादांच्या बरगड्या दिसत होत्या. छातीवरची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती. मान होती तेवढीच जाड दिसत होती, आणि तिच्याखाली दुसऱ्याच कोणाचे तरी अंग.

शेठजी म्हणाले, "परत तोला."

मी परत तोलले. एक पोते आणि पस्तीस शेर. वर्षाच्या आत सव्वीस शेर उतरले होते. मला अकरा शेर चढवायला सहा महिने लागणार होते, म्हणून मला ठाऊक आहे सव्वीस शेर म्हणजे काय.

शेठजी उठले. "उद्यापासून चरवी घेऊन येऊ नका," एवढेच म्हणाले. ज्याच्या कुस्तीवर फेटा उडवला, ज्याला वीस-बावीस वर्षे पारड्यात बसवून मिरवले, त्याच्या बरगड्या भर दिवसा समोर आल्या, आणि या गृहस्थाने एक प्रश्न विचारला नाही. वस्ताद, काय झाले? तीन शब्द. तेवढेही नाहीत.

मीही विचारले नाही. मी तांदूळ परत पोत्यात भरत होतो.

दोन दिवस मी तालमीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी वस्ताद दुकानाच्या मागच्या बाजूला येऊन उभे राहिले. तालमीपासून तिथवरच्या चालण्याने त्यांना घाम फुटला होता. त्यांनी माझा दंड धरला.

"दोन दिस खाडा केलास. उतरलंय."

"वस्ताद, मी त्या दिवशी..."

"काटा धरनाऱ्यानं तेच करायचं आसतं," ते म्हणाले. मग जरा दम घेऊन, "पर आदी हळू आवाजात इचारायचं आसतं."

मला आयुष्यात लोकांनी पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. त्या सगळ्या मी परत केल्या. हे वाक्य मला परत करता आलेले नाही.

मग त्यांनी भिंतीला टेकून, बाजारभाव सांगावा तसे सांगितले. चैतापासून घास गळ्याखाली उतरत नव्हता. आधी भाकरी अडकायची, मग भात, आता दूधही उलटून यायचे. वैद्याने हात टेकले होते.

"मग दूध कशाला आणत होता?" मी विचारले.

"म्हशीला कोन सांगनार देऊ नगं म्हनून?" वस्ताद हसले. "मला उतरंना, तुला उतरत हुतं. शेटजींना कळलं आसतं तर त्याच दिशी बंद. म्हनलं कार्तिकापतुर चालवू. मग मी आपनच सांगनार हुतो."

"माझ्यासाठी?"

"लय शेफारू नगंस. कुस्ती खेळाया शंभर आले. खायला शिकाया तू येकटाच आलास. आर्ध्यावर सोडायचं का?"

खुराक बंद झाला आणि खरे शिक्षण तेव्हा सुरू झाले. तुपाच्या जागी शेंगदाणे, दुधाच्या जागी नाचणीची आंबील, चणे दुप्पट, कधी शेजारच्या घरून अंडी. बाजारात शेंगदाण्यांसाठी मी अशी घासाघीस केली की दुकानदार मला लांबून बघून फळी लावायचे. वस्ताद चुलीपाशी बसून स्वतःच्या हाताने दाणे भाजायचे. वास घ्यायचे, एक दाणा बोटांत चुरडायचे, तोंडात घालायचे नाहीत. मी चावत असताना माझ्या जबड्याकडे बघत बसायचे, आणि आकडे मोजताना त्यांचे ओठ हलायचे.

कार्तिकात मी रेल्वेच्या काट्यावर उभा राहिलो. कंपाउंडरने मला ओळखले. "या खेपेला किती केळी?" म्हणाला. मी म्हणालो, "येक बी न्हाई. पायजे तर आधी मोरीकडं जाऊन येतो." तो हसला. काटा एकशे चौदावर थांबला. डॉक्टरने छातीवर नळी लावली, पाठीवर टकटक केले, आणि कागदावर सही केली. एवढेच. दोन मिनिटांत झाले.

मी धावत तालमीत गेलो. धावताना धाप लागली नाही, हे धावता धावता लक्षात आले. वस्ताद आखाड्याच्या कडेला घोंगडीवर पडलेले. माती आठवडाभर कोणी खणली नव्हती. वर पापुद्रा धरला होता.

"झालं वस्ताद. एकशेचौदा. नोकरी लागली."

त्यांनी हात उचलला, पण तो वरपर्यंत येईना. मी खाली बसलो आणि माझा दंड त्यांच्या बोटांजवळ नेला. अंगठा आणि मधले बोट. दोन्ही बोटांत जोर नव्हता, दंड आता त्या चिमटीत मावतही नव्हता. त्यांनी डोळे बारीक केले.

"लागलं न्हाई अजून," वस्ताद म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस केली नाही. "बरं," म्हणालो. "उद्या उजाडताना येतो."

असा मी अकरा दिवस गेलो. बाराव्या दिवशी गेलो तेव्हा दाराशी माणसे उभी होती. तिरडी उचलताना मी पुढे होतो. उचललेले ओझे खांद्यावर बसताच मला आकडा कळला. मला कळायला नको होता, पण कळला. तो मी कोणाला सांगितलेला नाही आणि इथेही सांगणार नाही.

पुढे मी नऊ वर्षे घाटात कोळसा ओढला. आईला आणले, लग्न झाले. नंतर रेल्वे सोडली आणि स्वतःचे धान्याचे दुकान काढले, शेठजींच्या दुकानासमोरच. माझ्या दुकानात काट्यावरच्या माणसाला एकच ताकीद आहे. तळहाताला काही लागले तर ओरडायचे नाही. आधी मला येऊन हळू आवाजात सांगायचे.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे. शेठजी आता म्हातारे झाले आहेत. तालमीला नवे पत्रे घातले आहेत आणि दाराशी संगमरवरी पाटी बसवायची आहे. वस्तादांच्या स्मरणार्थ, आश्रयदाते शेठजी अमुक अमुक. दिवाणजी माझ्याकडे आले, म्हणाले, "तुम्ही त्यांचे चेले, समारंभाला चार शब्द बोला." मी म्हणालो, चारच बोलीन, पण ते शेठजींना झेपणार नाहीत. दिवाणजी गेले. तेव्हा ते शब्द इथे लिहितो. वाचणाऱ्यांनी बाजारात खुशाल मोठ्याने वाचून दाखवावेत.

शेठजी, माझा जबाब मी दिला. माझा हात लाल झाला आणि मी न विचारता ओरडलो. तो दोष माझा. तो मी मरेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या पारड्यात टाकणार नाही. आता तुमचा जबाब हवा. तुम्ही जत्रेसमोर 'श्वास' म्हणाला होतात. त्या दसऱ्याला वस्तादांचा श्वास चालू होता, पुढे दीड महिना चालू होता. तुमच्या म्हशीही दूध देत होत्या. मग त्या दीड महिन्याचे रोजचे तीन शेर दूध कुठे गेले? कोण प्यायले? आणि ज्या माणसाला वीस वर्षे तोललेत, तो एवढा का उतरला, हे तुम्ही एकदा तरी का विचारले नाहीत?

पाटी नंतर बसवा. आधी उत्तर द्या.